न दुखणारा पाय

९ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या वर काय लिहायचं, यातच दोन कागद फुकट गेले. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर तुम्हाला हसू येईल आणि नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं तर घरमालकाची नोटीस वाटेल. म्हणून नुसतंच वहिनी. फोन केला नाही, कारण तुम्ही उचलला असता तर चार वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचलं नसतं.

कामाचं बोलतो. गेली तीन वर्षं मी सायकल चालवतोय. दिवसभर प्रयोगशाळेत मान खाली घालून लोकांच्या कवळ्या घासायच्या, त्यावर उतारा म्हणून सुरू केलं आणि नाद लागला. आता एप्रिलमध्ये तीनशे किलोमीटरच्या राइडला नाव दिलंय. वीस तासांत पुरी करायची. त्रेपन्नाव्या वर्षी हे थेर कशाला, असं आमची ही विचारते. 

अडचण पायाची आहे. साधारण सत्तर किलोमीटर झाले की उजव्या पायाच्या चवड्याखाली आग सुरू होते. तापलेल्या इस्त्रीवर उभं राहिल्यासारखी. उतरून, बूट काढून रस्त्याच्या कडेला बसावं लागतं. नाड्या सैल करून पाहिल्या, जाड मोजे झाले, पातळ मोजे झाले. इथल्या दुकानातला विक्रेता म्हणतो, क्लिपलेस पेडल घ्या, सगळं दुखणं जाईल. नाव ‘क्लिपलेस’ आणि बूट तर खटकन पेडलमध्ये अडकतो! मी त्याला म्हटलं, हे म्हणजे बोळक्याला बत्तीशी म्हणण्यासारखं आहे. त्याला विनोद कळला नाही.

दादा असता तर त्याच्या सायकलच्या दुकानात येऊन त्यालाच विचारलं असतं. त्याच्या हातातलं कसब आता फक्त तुमच्याकडे आहे. पेडल घ्यावं का? कोणतं? जमलं तर कळवा. नाही जमलं तरी समजून घेईन.

तुमचा दीर

१८ जानेवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून आधी त्याची चेन बसवली आणि मग वाचलं.

नावाचं सांगते. पूर्वी पेडलवर पिंजरा असायचा आणि त्यात चामडी पट्ट्याने पाय बांधायचे. तो पिंजरा म्हणजे क्लिप. नवीन पेडलला तो नाही, म्हणून क्लिपलेस. बुटाच्या तळाला एक धातूची पट्टी बसते, तिला क्लीट म्हणतात, ती पेडलमध्ये अडकते. टाच बाहेर फिरवली की सुटते. एवढंच.

आता दुखण्याचं. तुम्ही चालायच्या बुटांनी चालवत असणार. मऊ तळ पेडलवर वाकतो आणि सगळा भार चवड्याच्या एका ठिपक्यावर येतो. सायकलच्या बुटाचा तळ कडक असतो, भार पसरतो. क्लीट दोन स्क्रूची असते तशी तीन स्क्रूचीही असते. तीनवाली मोठी, पण ती घालून बदकासारखं चालावं लागतं. तुम्हाला राइडमध्ये ठरलेल्या ठिकाणी उतरून कार्डावर शिक्के घ्यायचे असणार, म्हणून दोन स्क्रूची बरी. पेडल मात्र रुंद अंगाचं हवं. क्लीट जितकी मागे, टाचेकडे, नेता येईल तितकी नेऊ. बूट पंजाला ऐसपैस पाहिजे.

मापासाठी कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलने आखून पाठवा. संध्याकाळी आखा, तेव्हा पाय सुजून खऱ्या मापाचा झालेला असतो.

आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्या. सायकल चालवत नसतानाही पाय जळतात का? आणि शुगर शेवटची कधी तपासली?

तुम्ही माझ्याशी शेवटचं काय बोललात ते मी विसरलेली नाही. पण पायाचं विचारलंत, तर पायाचं उत्तर देतेय.

वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

सोबतची पेटी जपून उघडा. पेन्सिलने आखणं हा आमच्या धंद्याचा अपमान आहे. आम्ही हिरड्यांचे साचे घेतो त्याच लगद्यात मी दोन्ही पाय बुडवले आणि त्यात प्लास्टर ओतलं. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘एवढी मोठी कवळी कुणाची हो?’ हे माझे दोन्ही पाय, केसभरही फरक नाही. सुजलेले, संध्याकाळचे, तुम्ही सांगितलेत तसे.

वाटेत पाच ठिकाणी शिक्के आहेत, तेव्हा दोन स्क्रूवालीच क्लीट. बूट आणि पेडल तुम्हीच निवडा आणि बसवूनच पाठवा. इथल्या विक्रेत्याचा माझ्या पायाशी काही संबंध येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलंय.

तुमच्या प्रश्नांचं. झोपताना पाय थोडे चुरचुरतात, पण ते दिवसभर उभं राहण्याचं. आमच्या इथे सगळ्यांचेच चुरचुरतात.

लेक नोकरीला लागली. माप घेण्याच्या मशीनवर बसते, लोखंडाचे तुकडे तपासते. परवा विचारत होती, काकू आता एकटीच दुकान चालवते का. मी हो म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

दीर

१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचे पाय पोहोचले. कामाच्या टेबलावर ठेवलेत. गिऱ्हाइकं आत येतात, पायांकडे बघतात आणि माझ्याशी एकदम सभ्यपणे बोलायला लागतात. उधारी मागायची कुणाची छाती होत नाही.

काम चोख आहे तुमचं. दादांपेक्षा तुम्ही जास्त निगुतीचे, हे ते स्वतःच म्हणायचे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्ट्याचा उंचवटा आलाय, बोटांनी तो लागतो. शेजारची बोटं आखडल्यासारखी वर आलीत. मी तो पाय बराच वेळ हातात धरून बसले होते.

बूट एक माप मोठा घेतलाय, पंजाला रुंद. पेडल रुंद अंगाचं, भोवती कडं असलेलं, म्हणजे क्लीटच्या बाहेरही तळाला आधार मिळतो. दोन्ही क्लीट अगदी मागे नेल्यात. त्यांच्याखाली आधी दोन मिलिमीटरची पट्टी घातली होती, पण गुडघ्याचा कोन बिघडला असता म्हणून ती काढली. आत चवड्याच्या मागे छोटी उशी चिकटवलीय. पेडलची स्प्रिंग सगळ्यात सैल ठेवलीय, ती घट्ट करू नका. आधी भिंत धरून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. तरीही एकदा पडणारच. सगळे पडतात, आणि नेमके उभ्याउभ्या, चारचौघांत. तेव्हा रागावू नका.

दोन प्रश्न विचारले होते. उत्तर एकाचंच आलं.

हो, दुकान मी एकटीच चालवते.

वहिनी

१२ मार्च

वहिनी,

काय लिहू! पडलो, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. सोसायटीच्या फाटकात, वॉचमन सलाम ठोकत असताना, सायकलसकट आडवा. त्याचा हात कपाळावर तसाच राहिला. पण त्यानंतर एकदाही नाही.

आणि पाय! पहिल्या रविवारी एकशेतीस केले, चवडा थोडा कुरकुरला. दुसऱ्या रविवारी एकशेसाठ. काल दोनशे. दोनशे, वहिनी! आणि दुखणं नाहीसं झालं, पार नाहीसं. उजवा पाय तर इतका गप्प की जागेवर आहे ना, हे मधून वाकून बघावं लागतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी आजूबाजूची झाडं पाहिली. इतके दिवस फक्त पुढची बसायची जागा शोधत होतो.

एक बारीकशी गंमत. घरी येऊन बूट काढला तर उजवा मोजा चवड्याला लाल. बघतो तर एका स्क्रूचं टोक आतल्या गादीतून दीडेक मिलिमीटर वर आलेलं. आमच्या दात घासायच्या यंत्रावर मी ते घासून सपाट करून टाकलं. पण विचार करा, एवढं टोचत होतं तरी दोनशे किलोमीटर मला पत्ताच नाही, असा आराम! जखम किरकोळ आहे, पट्टी लावलीय.

तुमचे उपकार कसे फेडू? दादा वर कुठेतरी हे बघून खूश असेल. एप्रिलची राइड झाली की शिक्क्यांचं कार्ड आधी तुम्हाला पाठवीन.

दीर

१५ मार्च

भाऊजी,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहितेय. तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही.

स्क्रूची चूक माझी. पट्टी घालताना लांब स्क्रू वापरले होते. पट्टी काढली आणि उजव्या बुटाचे स्क्रू बदलायचे राहिले. बूट पाठवण्याआधी आत बोट फिरवून बघायचं असतं. दादांनी मला शिकवलेली ती पहिली गोष्ट. मी डाव्यात फिरवलं, उजव्यात नाही.

पण माझी चूक बाजूला ठेवून हे नीट वाचा. ज्याला पाय आहे त्याला तो स्क्रू पहिल्या चौकातच कळतो. तो शिव्या देत खाली उतरतो. तुम्हाला दोनशे किलोमीटर कळलं नाही. याला आराम म्हणत नाहीत. तुमच्या पायाची जाणीव गेलीय.

आज डॉक्टरकडे जा. रविवारी नाही, आज. शुगर तपासा. जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघा, घरातल्या कुणाला तरी दाखवा. सायकलला हात लावू नका. बूट मला परत पाठवा किंवा फेकून द्या.

मला हे सगळं माहीत आहे. कसं, ते तुम्हालाही माहीत आहे.

वहिनी

२१ मार्च

वहिनी,

पत्र वाचलं. फोन मुद्दामच उचलला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनासारखं काही झालं, ते तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही मला चार दिवसांत अंथरुणाला खिळवलंत.

मी समजू शकतो. तुमच्या डोळ्यांसमोर दादाच आहे. कुणाचाही पाय दिसला की तुम्हाला तोच दिसतो. पण मी दादा नाही. जखम सुकली आहे, वर खपली आहे. दहा माणसं आठवड्याला शंभर किलोमीटर माझ्याबरोबर चालवतात, त्यांतल्या निम्म्यांचे पाय बधिर होतात.

आणि राग येऊ देऊ नका, पण ही काळजी तेव्हा हवी होती. दादा गेला त्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, घरात पाय कुजेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तुम्ही तेव्हाही उत्तर दिलं नाहीत. आता माझ्या पायावर ते फेडू नका.

बूट परत पाठवत नाही. चांगले आहेत.

दीर

२ जून

काकू,

मी तुझी पुतणी. शेवटची भेटलो तेव्हा कॉलेजात होते. बाबांना न सांगता लिहितेय.

बाबांच्या कपाटात पुठ्ठा शोधताना तुझी पत्रं सापडली. वाचली. वाचायला नको होती, पण आता वाचून झालीत.

बाबा १९ एप्रिलच्या राइडला गेले. दोनशे चाळीस किलोमीटरवर, चौथ्या शिक्क्यापाशी, थंडी वाजून आली. टेबलावरच्या माणसाने नाव विचारलं तर त्यांनी तुमच्या घराचा जुना पत्ता सांगितला. आम्हाला फोन आला, आम्ही गेलो. अंगात एकशेतीन ताप. डॉक्टरांनी बूट कापून काढला. त्यातून आलेला वास आईला अजून येतो म्हणते, मला येत नाही, पण मी तो बूट कुठे टाकला ते तिला सांगितलेलं नाही.

उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. हाडापर्यंत गेलं होतं. बाकी पाय वाचला, ताप उतरला, तीन आठवड्यांनी घरी आले. शुगर त्यांना पाच वर्षांपासून आहे, काकू. दादाकाकांच्या आधीपासून. गोळ्यांची पाकिटं त्यांच्या ऑफिसच्या टेबलात होती, अर्धी न फोडलेली. आईला काही माहीत नव्हतं, मला नव्हतं.

बाबांनी प्रयोगशाळेतून तीन महिने रजा घेतलीय. सायकल विकायची म्हणून खाली सूचनाफलकावर चिठ्ठी लावायला मला सांगितलं, मी लावली नाही. दिवसभर खुर्चीवर बसून असतात आणि खिडकीतून येणारी-जाणारी माणसं बघतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे नाही, पायांकडे.

तू लिहिशील का? मार्चमधलं तुझं पत्र त्यांनी ऐकलं नाही, तरी तू का लिहावंस, ते मला सांगता येणार नाही. पण विचारतेय.

८ जून

भाऊजी,

तुमचं कळलं. कसं कळलं ते विचारू नका आणि घरात कुणाला बोलू नका.

मार्चच्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं, एक नाही, तीन. तिन्ही फाडली, कारण प्रत्येकात मी खरं सोडून बाकी सगळं लिहीत होते. आता खरं लिहिते.

दादांच्या पायाची आग तुमच्यासारखीच सुरू झाली होती. दुकानात उभे असले की ते मधूनच थंड फरशीवर अनवाणी जाऊन उभे राहायचे. मी तेल चोळायचे, गरम पाणी द्यायचे, औषधं आणायचे. वर्षभर हेच चाललं. मग एका सकाळी फेरी मारून आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, ‘अगं, आज अजिबात दुखला नाही.’ मी काय म्हटलं माहीत आहे? ‘सुटलो बाई एकदाचे.’ त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही फार सुखात काढले, भाऊजी. ते शीळ वाजवत काम करायचे. संध्याकाळी आम्ही नदीपर्यंत फिरून यायचो. त्या पाच आठवड्यांत त्यांच्या बुटात एक छर्रा होता, बेअरिंगमधला, एवढासा. दुकानातलाच.

तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही. देणार काय? मला कळलं नव्हतं एवढंच नाही, मी आनंदात होते. हे त्या गर्दीत कसं सांगणार होते? तुम्ही मला निष्काळजी समजलात, ते मी समजू दिलं. आनंदात होते हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

म्हणून तुम्ही लिहिलंत ‘दुखणं पार नाहीसं झालं’, तेव्हा मी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून फोनकडे धावले. म्हणून आधी दोन प्रश्न विचारले होते. शुगरचं उत्तर आलं नाही, तरी बूट तयार करून पाठवले. तिथेच थांबायला हवं होतं. पुढ्यात तुमच्या पायाचं प्लास्टर होतं, सगळं दिसत होतं, आणि तरी मी स्वतःला सांगितलं, घट्टा तर आहे, घट्टा कुणालाही येतो. चार वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते मला करायचं होतं.

आणि तो स्क्रू माझ्या हातचा. तुमचं ते स्क्रूचं पत्र आल्यापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक बुटात मी दोन्हीकडे हात घालते. त्याने तुमची बोटं परत येत नाहीत.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर समजून घेईन. हे वाक्य तुमच्याच पहिल्या पत्रातलं आहे.

वहिनी

२७ जून

वहिनी,

पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज वाचतो. लेकीचं अक्षर तुमच्या पाकिटावरच्या पत्त्यात दिसत नाही, पण यामागे तिचाच हात आहे हे मला कळतं. तिला काही बोललो नाही.

दवाखान्यातलं एक सांगायचं आहे, त्यासाठीच लिहायला बसलो.

बोटं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा आला, हिचा थोरला भाऊ. मी डोळे मिटून पडलो होतो, त्याला वाटलं झोपलोय. हिला दाराशी घेऊन गेला आणि म्हणाला, ‘एका घरात राहता ना? पाय कुजेपर्यंत तुझ्या लक्षात कसं आलं नाही?’

शब्द जवळजवळ तेच, वहिनी. मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. हिच्या हातात माझ्या कपड्यांची पिशवी होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली. तुम्हीही त्या दिवशी असंच काहीतरी हातात धरलं होतंत. मला वाटतं दादाचा चष्मा होता.

आणि मला माहीत होतं तिच्या लक्षात का आलं नाही. महिनाभर माझे मोजे मीच धुवत होतो. पट्टी प्रयोगशाळेत बदलायचो. घरात अनवाणी हिंडायच्या ऐवजी मोजे घालून हिंडायचो, आणि ती विचारायची तेव्हा फरशी गार लागते म्हणायचो. गार लागते! मला त्या पायाला गार-गरम काहीच लागत नव्हतं. दाखवायचंच नाही असं एकाने ठरवल्यावर दुसऱ्याच्या लक्षात येणार कसं?

मी उठून मेहुण्याला हे सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे. नाही सांगितलं. डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी सांगितलं, हिच्यासमोर, आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

तुम्हाला मी जे बोललो ते दुःखात बोललो, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. तेव्हा मला शुगर होऊन वर्ष झालं होतं. दादाला पाहून मी इतका घाबरलो होतो की कुणाची तरी चूक असणं मला हवं होतं. तुमची चूक असती तर मग ते मला होणार नव्हतं. माझ्या घरात तर चूक करणारं कुणी नव्हतं.

स्क्रूचं मनातून काढून टाका, असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही काढणार नाही. पण तुम्ही पंधरा मार्चला लिहिलं होतंत, ‘आज जा.’ मी पाच आठवड्यांनी, दुसऱ्यांनी उचलून नेल्यावर गेलो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी आला असतात तर मलमपट्टीवर भागलं असतं. स्क्रू तुमचा असेल. ते पाच आठवडे माझे आहेत.

मला माफ करा असं लिहायला मोठी जागा सोडली होती. आता ती भरायचं धाडस होत नाही. तुमच्याकडे येऊन समोर उभा राहून म्हणेन, तुम्ही येऊ दिलंत तर.

दीर

४ जुलै

भाऊजी,

या. गुरुवारी दुकान बंद असतं, गुरुवारी या. एकटे येऊ नका, माझ्या जावेला आणि पुतणीला घेऊन या. जावेशी मला बोलायचं आहे. आम्हा दोघींत तुम्हाला ठाऊक नसलेलं असं पुष्कळ निघेल.

माफीचं खरं सांगते. ‘केलं माफ’ असं लिहायला पेन उचललं, पण हात चालला नाही. चार वर्षं तुमचं त्या दिवशीचं वाक्य दुकान उघडताना माझ्याबरोबर आत यायचं आणि कुलूप लावताना बाहेर यायचं. एका पत्राने ते जाणार नाही. पण तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि खूप वेळ रडले, आणि दादांसाठी रडले, स्वतःवर रागावून नाही. हे चार वर्षांत पहिल्यांदा झालं. एवढं तुम्हाला कळायला हवं.

दादाही मोजे दुकानातच धुवायचे. मागच्या नळावर. मी समजायचे, ग्रीसचे डाग माझ्या बादलीत नकोत म्हणून धुतात. किती शहाणा नवरा आहे, असं वाटायचं.

सायकल विकू नका. डॉक्टरांना विचारून या आणि घेऊनच या. आता पोस्टाने काही करायचं नाही. तुम्ही स्टुलावर बसायचं, मी पुढ्यात बसून तुमचा पाय हातात घेऊन बघणार, आणि मग काय लावायचं ते ठरवणार. अडकणारं पेडल तर नाहीच. ज्या पायाला काही कळत नाही, त्याला कशात अडकवायचं नाही.

येताना गोळ्या बरोबर ठेवा. मी विचारणार आहे.

वहिनी

१९ नोव्हेंबर

वहिनी,

तीन गुरुवार तुमच्याकडे येऊन गेलो, तरी पत्र लिहायची सवय सुटत नाही. समोर बसलो की तुम्ही कामं सांगता, बोलणं राहून जातं.

आज डॉक्टरांच्या परवानगीने रस्त्यावर सायकल काढली. तुम्ही बसवलेली ती सपाट, रुंद पेडलं आणि मऊ अस्तराचे बूट. सुरू करण्याआधी लेकीने दोन्ही बुटांत हात घालून पाहिलं. तिच्या कारखान्यात तिला याचाच पगार मिळतो, इथे फुकट करते. हिने तळवे पाहिले. मी घड्याळ लावलं, दर वीस मिनिटांनी वाजणारं. वाजलं की उतरायचं, बूट काढायचा, बघायचं. मला काही वाटो न वाटो. लोक बघतात रस्त्याच्या कडेला एक बाप्या सारखा सारखा आपले पाय बघत बसलाय ते. बघू देत.

दोनदा वाजलं, उतरलो, दोन्ही पाय ठीक. उजव्याचं मला काही कळत नाही आणि आता कळणारही नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तो आता डोळ्यांनीच सांभाळायचा.

पण चौदाव्या किलोमीटरला, एका पुलाच्या चढावर, घड्याळ वाजायच्या आधीच मी उतरलो. डाव्या पायाला, करंगळीच्या बाजूला, काहीतरी टोचलं. नीट टोचलं, जोरात. मी तोंडाने ‘आई गं’ म्हणालो. बूट काढला तर मोज्याची शिवण दुमडली होती, बस. कातडी जराशी लाल झाली होती.

शिवण सरळ केली. पण मी लगेच सायकलवर बसलो नाही. कठड्याला टेकून त्या जागेवर बोट दाबून बघत राहिलो. दुखत होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा दुखलं. खाली पाणी वाहत होतं आणि मी तिथे उभा राहून हसत होतो, म्हणजे आधी हसत होतो.

मग तिथून परत फिरलो. हिला दाखवलं, तिने पट्टी लावली. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

डावा पाय दुखतोय, वहिनी.

दीर